परदेशी दिग्दर्शक ठाण्यात येतोय? आधी पडदा बघा

फिल्म सोसायटीत नव्याने आलेल्या मंडळींवर परदेशी दिग्दर्शकाच्या सन्मान-संध्येची जबाबदारी पडली की पहिली धावपळ सुरू होते ती शाल कुठून आणायची, मानचिन्हावर काय कोरायचं आणि व्यासपीठावर कोण कोण बसणार याची. सिनेमा नेमका कुठल्या फाइलवरून दाखवायचा हा प्रश्न आदल्या संध्याकाळी निघतो. हा क्रम उलटा करा. पाहुण्याचा सिनेमा स्वच्छ दिसला, नीट ऐकू आला आणि लोकांनी तो पाहून दोन बरे प्रश्न विचारले, तर शाल थोडी साधी असली तरी चालते. सिनेमा अर्ध्यात अडकला तर पैठणीचा शेलाही लाज झाकत नाही.

खालचं सगळं ठाणे आणि नवी मुंबई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. हाताशी तीन महिने आहेत असं धरलंय. दोन असले तरी जमतं, एक असेल तर पाहुण्याशी फक्त गप्पा ठेवा.

पाहुणा मिळवणं

आपल्यासारख्या संस्थेला तेहरान किंवा वॉर्साहून कुणाचं विमानभाडं परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. थंडीच्या दिवसांत चित्रपट महोत्सवांसाठी हे लोक भारतात येतच असतात. गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, केरळचा महोत्सव डिसेंबरात, पुण्याचा पिफ जानेवारीत. मुंबईचा थर्ड आय आशियाई महोत्सवही साधारण थंडीतलाच. माहितीपटवाल्यांसाठी मिफ आहे, तो मुंबईत दर दोन वर्षांनी होतो. यातल्या पुष्कळ पाहुण्यांचं परतीचं विमान मुंबईहून असतं. त्यांच्या वेळापत्रकात एक दिवस मागून घ्यायचा, एवढंच आपलं काम.

पण मागायचा तो रीतसर. महोत्सवाच्या पाहुणचार विभागाला आधी कळवा, मग पाहुण्याला लिहा. तिकीट त्यांनी काढलेलं असतं, हॉटेल त्यांचं असतं, आणि आपण परस्पर दिवस पळवला तर पुढच्या वर्षी तिथलं कुणी फोन उचलणार नाही. पाहुणा कुठल्या व्हिसावर येतोय आणि त्यात आपला कार्यक्रम बसतो का, हेही त्यांच्याकडूनच पक्कं करून घ्या.

पत्र एका पानाचं असावं. आपण कोण, सभासद कोण (शिक्षक, बँकवाले, निवृत्त मंडळी, मास मीडियाची पोरं, जे असेल ते खरं लिहा), कुठला सिनेमा दाखवायचा विचार आहे, त्यांनी किती वेळ बोलावं, जाण्यायेण्याचा खर्च कोण करणार. मानधन देणार नसाल तर ‘मानधन देता येणार नाही’ हे वाक्य पत्रातच हवं. ‘बघू, करू काहीतरी’ हा आपला आवडता सूर परदेशी माणसाला कळत नाही आणि नंतर कटकट होते.

दुसरा मार्ग वकिलातींचा. मुंबईत बऱ्याच देशांचे वाणिज्य दूतावास आहेत. शिवाय आलियाँस फ्राँसेज आणि मॅक्स म्युलर भवन या फ्रेंच आणि जर्मन सांस्कृतिक केंद्रांकडे सिनेमाचे कार्यक्रम सतत चालू असतात. ते चित्रपटाची प्रत, दुभाषी, कधी दिग्दर्शकाचा ईमेलसुद्धा मिळवून देतात. इथे एक सावधगिरी. परदेशी सरकारची किंवा तिथल्या संस्थेची देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. कुणी प्रेमाने ‘थोडी मदत खात्यात टाकतो’ म्हणालं तर आधी संस्थेच्या सीएला विचारा, मग हो म्हणा.

कुठला सिनेमा, आणि तो कुणाचा

नवख्यांचा इथे हमखास गैरसमज असतो. दिग्दर्शक स्वतः येतोय आणि ‘माझा सिनेमा दाखवा’ म्हणतोय, मग परवानगी कसली? अहो, सिनेमा बहुतेक वेळा त्याच्या मालकीचा नसतोच. हक्क निर्मात्याकडे असतात आणि जगभर दाखवण्याचं काम सेल्स एजंट बघतो. त्या एजंटाचं लेखी पत्र हवं: तारीख, सभागृह, आसनसंख्या, एकच खेळ. ते बहुधा काही शे युरो शुल्क मागतात. ना-नफा संस्था, प्रवेश विनामूल्य, दिग्दर्शक स्वतः हजर, हे सांगितलं की रक्कम खाली येते, कधी माफही होते. दिग्दर्शकालाच एजंटाला ईमेल टाकायला सांगा, त्याचा शब्द आपल्यापेक्षा लवकर ऐकला जातो. परदेशी पैसे पाठवताना करकपातीचा कागद लागतो. हेही सीएचं काम, आणि ते शेवटच्या आठवड्यात होत नाही.

नवा सिनेमा मागितलात तर नकार येण्याची शक्यता जास्त. त्याचा भारतातला पहिला खेळ एखाद्या मोठ्या महोत्सवाला आधीच दिलेला असतो. माझं मत विचाराल तर जुनाच मागा. पाच-दहा वर्षांपूर्वीचा, ज्यावर पुष्कळ लिहून आलंय असा. नव्या सिनेमाविषयी दिग्दर्शक प्रसिद्धीपत्रक बोलतो. जुन्याविषयी तो मोकळेपणाने बोलतो, काय फसलं तेही सांगतो.

डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीवर सिनेमा आहे म्हणजे सभागृहात दाखवता येतो असं नाही. ती परवानगी घरच्या टीव्हीपुरती असते.

दुसरा कागद सेन्सॉरचा. भारतात कुठल्याही चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. परदेशी सिनेमाला ते बहुतेकदा नसतं. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार यातून सूट देऊ शकतं, आणि महोत्सव व फिल्म सोसायट्यांचे खेळ याच वाटेने होतात. सत्यजित राय ज्याचे पहिले अध्यक्ष होते ते फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन १९५९पासून आहे. तुमची संस्था त्याच्याशी संलग्न असेल तर त्यांच्याकडून मार्ग समजून घ्या. नसेल तर एखाद्या संलग्न संस्थेला सहआयोजक करा. १९६८पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या मुंबईतल्या संस्थांना या कागदपत्रांची सवय आहे. एवढं लक्षात ठेवा, की अशा सवलतीचा खेळ सभासद आणि नोंदणी केलेल्यांसाठी असतो. ‘सर्वांना खुला प्रवेश’ असं फलकावर छापून मोकळे होऊ नका. प्रवेशिका द्या, नावं लिहून घ्या.

सभागृह आणि तारीख

ठाण्यात तलावपाळीजवळचं गडकरी रंगायतन आणि हिरानंदानी मेडोजमधलं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह. ही नावं सगळ्यांना सुचतात. मला विचाराल तर मोठं नाट्यगृह सहसा घेऊ नका. हजाराच्या जवळ जाणाऱ्या खुर्च्यांमध्ये दीडशे माणसं विखुरली की पाहुण्याला वाटतं कुणी आलंच नाही. घाणेकरमधलं लहान थिएटर किंवा एखाद्या कॉलेजचं चांगलं सभागृह भरलेलं दिसतं आणि गप्पाही जवळून होतात. कॉलेजचा आणखी एक फायदा म्हणजे स्वयंसेवक तिथल्या तिथे मिळतात.

पालिकेच्या नाट्यगृहात शनिवार-रविवार नाटकांचे असतात. आठवड्यातला मधला दिवस मागा, तो मिळतो. नाट्यगृह सत्रावर मिळतं, आणि सत्र संपलं की पुढच्या नाटकाचा ट्रक मागच्या दाराशी उभा असतो. त्यामुळे ‘थोडं पुढेमागे झालं तर चालेल’ हे गृहीतच धरू नका. अनामत रकमेची पावती जपून ठेवा.

रविवार मिळालाच तर रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, बघा. ब्लॉक दुपारीच संपतो, पण गाड्या संध्याकाळपर्यंत रडत असतात. कार्यक्रम ठाण्यात आणि अर्धे सभासद वाशी-नेरुळचे असतील तर त्यांना जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलचं वेळापत्रक समोर ठेवूनच संपायची वेळ ठरवा. कार्यक्रम कितीही रंगला तरी डोंबिवली-बदलापूरची माणसं साडेनऊला घड्याळ बघायला लागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

उघड्यावर, सोसायटीच्या आवारात किंवा उपवन तलावाच्या काठी पडदा लावायची कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतं. ऐकायला रम्य आहे. पण बाहेर ध्वनिक्षेपक रात्री १०ला बंद करावा लागतो, आणि हिवाळ्यात अंधार पडला तरी रस्त्याचे दिवे पडद्यावर येतात ते येतातच. पाहुण्याच्या सन्मानासाठी हा प्रयोग नको.

पडदा, आवाज, सबटायटल्स

इथे थोडं थांबणार आहे, कारण संध्याकाळ बिघडते ती इथेच.

सिनेमा तुमच्याकडे दोन रूपांत येऊ शकतो. एक डीसीपी, म्हणजे सिनेमागृहात चालणारं डिजिटल पॅकेज. ते नाट्यगृहातल्या लॅपटॉपवर चालवायची वस्तू नव्हे, त्याला सिनेमागृहाचाच सर्व्हर हवा. म्हणजे डीसीपी येणार असेल तर मल्टिप्लेक्सचा छोटा पडदा भाड्याने घ्यायचा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा वेळ तुलनेने परवडतो. डीसीपीला बहुधा कुलूप असतं आणि त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, त्या एका सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. थिएटरकडून सर्व्हरचा तपशील घेऊन एजंटाला पाठवावा लागतो. किल्ली किती वाजता उघडते ते तपासताना टाइम झोन बघा. युरोपात बसलेल्या माणसाने ग्रीनिच वेळेने ‘दुपारी १पासून’ लिहिलं असेल तर इथे साडेसहा वाजेपर्यंत पडदा काळाच राहील. आणि किल्ली चाचणीच्या दिवसापासूनची मागा, फक्त खेळाच्या दिवसाची नव्हे.

दुसरं रूप म्हणजे ब्लू-रे किंवा साधी व्हिडिओ फाइल. नाट्यगृहात हेच चालतं. प्रोजेक्टर भाड्याने आणताना ‘एचडी आहे ना’ एवढंच विचारून भागत नाही, उजेड किती ते विचारा. हिशेब सोपा आहे. १६ फूट रुंद आणि ९ फूट उंच पडदा म्हणजे १४४ चौरस फूट. सिनेमागृहात पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (म्हणजे दर चौरस फुटाला साधारण १४ ल्युमेन) उजेड असावा असं प्रमाण आहे. गुणाकार केला तर सुमारे २,००० ल्युमेन प्रत्यक्ष पडद्यावर पोचायला हवेत. दिवा जुना झालेला असतो, दारांच्या फटींतून उजेड येतो, पडदा कोरा पांढरा नसतो. म्हणून ५,००० ल्युमेनचा मागा. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोंचा स्लाइड शो दाखवणारा प्रोजेक्टर यासाठी उपयोगाचा नाही. रात्रीच्या प्रसंगांत त्यावर नुसता राखाडी धूर दिसतो.

आवाजाची गोची वेगळीच. आलेल्या फाइलमध्ये आवाज बहुधा ५.१, म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेला असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. नाट्यगृहात स्पीकर दोनच, डावा-उजवा. जोडणी चुकली तर पाऊस ऐकू येतो, मोटार ऐकू येते, संगीत झकास वाजतं आणि माणसं नुसते ओठ हलवतात. गंमत म्हणजे परक्या भाषेचा सिनेमा असल्यामुळे हे पाच-दहा मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाही, सगळे सबटायटल्स वाचत बसतात. लक्षात येतं ते फक्त दिग्दर्शकाच्या. म्हणून एजंटाकडून स्टिरिओ आवाजाची फाइल वेगळी मागून घ्या, आणि चाचणीत संवादाचा प्रसंग लावा, गाण्याचा नव्हे.

सबटायटल्स फाइलमध्येच छापलेली आहेत की वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये, हे विचारा. वेगळी असतील तर प्लेअरमध्ये चालवून अक्षरांचा आकार बघा. चाचणीच्या वेळी कुणाला तरी दहाव्या रांगेत मधोमध बसवा आणि त्याच्यापुढे एका उंच माणसाला. खालची ओळ डोक्याआड जात असेल तर पडदा वर घ्या. रंगमंचापासून पडद्याची खालची कड चार-साडेचार फूट वर असली तर सहसा भागतं. मराठी सबटायटल्स करायची हौस असेल तर जरूर करा, ज्येष्ठ सभासद दुवा देतील. पण परवानगी घ्या, ओळ छोटी ठेवा आणि जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते त्याच लॅपटॉपवर पाहा ज्यावर खेळ होणार आहे.

लॅपटॉपविषयी: इंटरनेट बंद, अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, व्हॉट्सॲप पूर्ण बाहेर. फाइल पेन ड्राइव्हवरून चालवू नका, लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या, आणि दुसऱ्या लॅपटॉपमध्ये तीच फाइल तयार ठेवा. एचडीएमआयची वायर लांब ओढली की चित्र मधूनच जातं, म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारी ठेवा, विंगेत नको.

संपूर्ण सिनेमा एकदा त्या सभागृहात, त्या यंत्रांवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघता आला तर उत्तमच. नाही जमलं तर पहिली दहा मिनिटं, मधली दहा आणि शेवटची श्रेयनामावली. पाहुणा तयार असेल तर त्याला चाचणीला घेऊन या. तो येतो, चार ठिकाणी उभा राहतो, ‘आवाज थोडा वाढवा’ म्हणतो आणि शांतपणे चहा घेतो. सभागृह भरलं की माणसांचे कपडे आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या सभागृहात जरा मोठा वाटणारा आवाज भरल्यावर बरोबर बसतो. हे त्याला ठाऊक असतं, आपल्या ध्वनिव्यवस्थेवाल्यालाही ठाऊक असतं. कार्यकर्ते मात्र मधेच जाऊन आवाज कमी करायला सांगतात.

पाहुण्याची सोय

महोत्सव संपल्यानंतरच्या दिवसांचं हॉटेल आपल्यावर येतं. ‘आमच्या घरीच राहू दे की’ असं एखादा प्रेमळ सभासद म्हणतोच. परदेशी नागरिक ज्याच्याकडे उतरतो त्याला ती माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंदवावी लागते. हॉटेलवाले रोज करतात, त्यालाच सी-फॉर्म म्हणतात. घरी उतरवलं तर ते काम घरमालकाचं. शिवाय माणूस महोत्सवातून थकून आलेला असतो, त्याला रात्री अकराला नातेवाइकांच्या ओळखी नको असतात. हॉटेल बरं.

हॉटेल ठाण्यातच घ्या. जुहूला किंवा कुलाब्याला उतरवलंत तर संध्याकाळी पाचनंतर त्याला आणणं म्हणजे त्या माणसाचे दोन तास गाडीत घालवणं, आणि घोडबंदर रोडच्या बाजूचं सभागृह असेल तर त्याहून जास्त. गाडीत सोबत एकच सभासद असावा, आणि तो फार बोलका नसावा.

खाण्याचं आधी विचारा: काय चालतं, काय नाही, कशाची ॲलर्जी. देशावरून अंदाज बांधू नका. मामलेदारची मिसळ खिलवायचा मोह प्रत्येक ठाणेकराला होतो. जरूर खिलवा, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी.

आणि पाहुण्याचा अर्धा दिवस व्यासपीठाबाहेर राखून ठेवा. १९४९मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार चित्रीकरणाच्या जागा शोधायला बंगालात आले तेव्हा कलकत्ता फिल्म सोसायटी जेमतेम दोन वर्षांची होती. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले सत्यजित राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. जागा शोधायला ते रेन्वारांबरोबर हिंडले. रायना तेव्हा जे मिळालं ते सत्काराच्या खुर्चीतून मिळालं नसतं. आपल्याकडे असा अर्धा दिवस सहज निघतो. सकाळी ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी बघायला बोट सुटते, ती भरती-ओहोटीवर अवलंबून असते म्हणून वेळ आधी विचारून घ्या. नाहीतर कोपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळी, स्टेशनचा पूल. सोबत सिनेमा करू पाहणारी दोन-तीन पोरं पाठवा. पदाधिकारी नकोत.

व्यासपीठ आणि सत्कार

सत्कार सिनेमाच्या आधी ठेवायचा नाही, नंतर ठेवायचा. आधी ठेवला तर लोक एका अनोळखी गोऱ्या किंवा सावळ्या गृहस्थासाठी टाळ्या वाजवतात. नंतर ठेवला तर ज्या माणसाने आत्ता दोन तास आपल्याला खुर्चीला बांधून ठेवलं, त्याच्यासाठी वाजवतात. त्या टाळ्यांचा आवाज वेगळा असतो.

सुरुवातीला दीपप्रज्वलन, पाहुण्याची दोन मिनिटं ओळख, आणि दिवे बंद. समईचं एक सांगतो. वाती आधीच तेलात भिजवलेल्या असाव्यात, एसीचा झोत समईवर येत नाही ना ते बघावं आणि पाहुण्याला काय करायचं ते विंगेतच दाखवून ठेवावं. नाहीतर तो मेणबत्ती हातात धरून आपल्याकडे बघतो, आपण अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष फोटोग्राफरकडे.

खुर्च्या रंगमंचावर तीनच ठेवा: पाहुणा, मुलाखतकार, दुभाषी. चौथी खुर्ची ठेवली की ती कुणाची यावर बैठक होते. ज्या मान्यवरांच्या मदतीने सभागृह मिळालं त्यांना पहिल्या रांगेत सन्मानाने बसवा आणि शाल त्यांच्याच हस्ते द्या. फोटो उत्तम येतो, भाषण टळतं. ‘वेळेअभावी’ हा शब्द निवेदकाला आधीच लिहून द्या.

काय द्यायचं? शाल चालते, हलकी असते. श्रीफळ हातात द्या, फोटो झाला की हसत परत घ्या. कित्येक देशांत ताजी फळं आणि बिया विमानतळावरच काढून घेतात. पितळी मानचिन्ह आणि काचेची फ्रेम या दोन गोष्टी पाहुण्याच्या बॅगेच्या शत्रू आहेत. त्यापेक्षा कापडावरचं किंवा कागदावरचं वारली चित्र गुंडाळी करून नळीत घालून द्या. ही आपल्याच भागातली कला, डहाणू-तलासरी २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. चित्रकाराचं नाव आणि चार ओळी माहिती सोबत ठेवा.

मानपत्र मराठीत लिहा, सोबत इंग्रजी प्रत. दीडशे शब्द खूप झाले. ‘विश्वविख्यात’, ‘प्रतिभासम्राट’ वगैरे काढून टाका आणि त्याऐवजी त्याच्या सिनेमातला एक प्रसंग लिहा जो तुम्हाला विसरता आला नाही. नाव तपासा. हंगेरी, कोरिया, चीन, जपान इथे आडनाव आधी येतं, त्यामुळे कशाला नाव आणि कशाला आडनाव म्हणायचं ते त्यालाच विचारा. उच्चार त्याच्याकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि निवेदकाला दहा वेळा ऐकवा.

गप्पा

मुलाखतकार म्हणून सिनेमाविषयी चांगलं बोलणारा माणूस निवडू नका, चांगलं ऐकणारा निवडा. त्याने पाहुण्याचे किमान तीन सिनेमे पाहिलेले असावेत. दुभाष्यानेही आज दाखवला जाणारा सिनेमा आधी बघितलेला असायलाच हवा, नाहीतर पात्रांची नावं आणि संदर्भ अडतात. मुंबई विद्यापीठाच्या परदेशी भाषांच्या विभागांतून आणि सांस्कृतिक केंद्रांतून दुभाषी मिळतात. दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो. ४५ मिनिटांत सहा-सात प्रश्नच होतील, हे धरून चाला.

‘भारतीय सिनेमाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न मुलाखतकाराने विचारू नये. पाहुण्याला तो प्रत्येक शहरात विचारला गेलेला असतो आणि त्याचं गुळगुळीत उत्तर तयार असतं. त्याऐवजी एखादी बारीक गोष्ट धरा. अमुक प्रसंगात कॅमेरा दाराबाहेरच का थांबला? त्या म्हातारीने कधी अभिनय केला होता का? आवाज तिथेच रेकॉर्ड केला की नंतर? असं विचारलं की दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकतो.

प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवा. इंग्रजीत उभं राहून बोलायला संकोचणारे पुष्कळ लोक मराठीत फार नेमकं लिहितात. सिनेमा संपल्यावर दहा मिनिटांचा चहा ठेवा, तेव्हाच चिठ्ठ्या गोळा होतात आणि निवडताही येतात. माइक फिरवायचाच असेल तर स्वयंसेवकाने तो हातातून सोडायचा नाही, प्रश्नकर्त्याच्या तोंडासमोर धरायचा. माइक एकदा हातात गेला की काका १९७२ सालातल्या त्यांच्या फिल्म सोसायटीपासून सुरू करतात. आठवण कदाचित छान असेल, पण दुभाष्याच्या चेहऱ्याकडे बघा जरा.

एक गंभीर गोष्ट. सगळे दिग्दर्शक आपल्या देशात मोकळे नसतात. इराणच्या जाफर पनाहींना २०१०मध्ये सहा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली आणि सिनेमा करण्यावर २० वर्षांची बंदी आली. ठाण्याच्या सभागृहात बोललेलं एखादं वाक्य मोबाइलवरून त्यांच्या गावी पोचायला मिनिटभर लागत नाही. कुठले विषय टाळायचे, रेकॉर्डिंग चालेल का, फोटो कधी टाकायचे, हे पाहुण्याला आधी एकांतात विचारा. ‘नको’ म्हणाला तर कारण विचारू नका आणि थेट प्रक्षेपण सरळ रद्द करा. सिनेमा चालू असताना कुणी मोबाइलवर रेकॉर्ड करत नाही ना यावर लक्ष ठेवायला प्रत्येक बाजूला एक स्वयंसेवक हवा. एजंटाच्या पत्रात ती अट बहुधा असतेच.

त्या संध्याकाळी

दोन तासांच्या सिनेमासाठी वेळापत्रक साधारण असं बसतं: सव्वापाचला दारं उघडायची, पावणेसहाला समई आणि ओळख, सहाच्या ठोक्याला सिनेमा, आठला चहा, सव्वाआठला सत्कार, साडेआठ ते सव्वानऊ गप्पा, आणि आभार दोन मिनिटांत. आभारात सभागृहाचे कर्मचारी आणि प्रोजेक्टर सांभाळणारा मुलगा यांची नावं घ्या, प्रायोजकांची छापलेली आहेतच.

उशिरा येणाऱ्यांना पहिली दहा मिनिटं बाहेर थांबवा आणि मग एकाच दारातून, मागच्या रांगेत सोडा. प्रत्येक वेळी दार उघडलं की फॉयरचा उजेड पडद्यावर पडतो. पाहुणा सिनेमाला पूर्ण वेळ बसेलच असं नाही. आपलाच सिनेमा शंभराव्यांदा बघणं पुष्कळांना नको असतं. त्याच्यासाठी मागच्या दाराजवळची कडेची खुर्ची ठेवा, तो दहा मिनिटांनी उठून गेला तर कुणी मागे धावू नका. बऱ्याचदा शेवटच्या वीस मिनिटांना तो परत येतो, आणि पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत उभा राहतो.

काही बिघडलंच तर एकाच माणसाने निर्णय घ्यायचा, तो कोण हे सकाळीच ठरलेलं असावं. चित्र अडकलं तर लगेच थांबवा, दिवे अर्धे लावा, दोन मिनिटं मागे नेऊन पुन्हा सुरू करा. ‘चालू दे, होईल नीट’ म्हणून ढकलत राहिलात तर तो प्रसंग सगळ्यांचाच गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याला विमानतळावर सोडताना चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्याबरोबर द्या, वाचायच्या राहिलेल्या प्रश्नांसकट. मराठीतल्यांचा इंग्रजी अनुवाद एखाद्या पोराकडून रात्रीतच करून घ्या. एजंटाला आठवड्याभरात कळवा की किती लोक आले, खेळ एकच झाला आणि फाइल दोन्ही लॅपटॉपमधून पुसली. हे कळवणारे फार थोडे असतात, त्यामुळे पुढच्या वेळी तुमचं पत्र लवकर उघडलं जातं. सभागृहाची अनामत परत मागायला मात्र स्वतः जा. ती फोनवर मिळत नाही.